अंगातलं तांबं

कपाशीची कळी सोलायला ताकद लागत नाही, स्थिर हात लागतो. अंगठ्याचं नख कळीच्या बुडाशी टेकवायचं, हलकेच गोल फिरवायचं, की पाकळ्या आणि परागाचं टोपण एकदम निघून येतं आणि मधली नाजूक काडी तेवढी उघडी राहते. ही झाली मादी. तिच्यावर खुणेचा लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं. असं एकेका बोंडाचं लग्न लावलं, की त्यातून बीटीच्या संकरित बियाण्याची सरकी तयार होते. आमच्याकडं या कामाला क्रॉसिंग म्हणतात आणि अमडापूरच्या आसपासच्या चार गावांत क्रॉसिंगला माझ्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. हे मीच माझ्या तोंडानं सांगते, कारण बाकी सगळ्यांना आता माझा थरथरता हातच आठवतो.

त्या पावसाळ्यात मी एकोणीस वर्षांची होते. माझं नख मधल्या काडीत घुसायला लागलं. एक काडी तुटली, मग दोन, मग रोजच तुटायला लागल्या. आमच्या बायांच्या टोळीची मुकादम रझियाभाभी. ती माझ्यामागच्या ओळीत होती. दुपारी तिनं माझा हात धरून पाहिला.

"वर्षा, हात काय को हिल रा तेरा? सोई नै क्या?"

"सोयी ना भाभी."

"तो फिर चाय कम पी."

मी चहा कमी केला. हात थांबला नाही. पंधरा दिवसांनी चहाच माझ्या हातून बशीत आणि बशीतून ओढणीवर सांडायला लागला. भाभीनं मला मादीच्या ओळीतून काढून नर फुलं तोडायच्या कामाला लावलं. ते काम नवख्या पोरींचं. मी चिडले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिनं राग धरला नाही, उलट डब्यातलं लोणचं रोज माझ्या भाकरीवर ठेवत राहिली.

आमच्या घरचं ठरलेलं उत्तर

माझ्या हाताला काय झालं हे शोधायला आमच्या घरात कुणाला वेळ लागला नाही. उत्तर आधीपासून तयार होतं, आणि ते माझ्या मोठ्या भावाच्या मरणातून आलं होतं.

गजू सतरा वर्षांचा असताना गेला. तेव्हा बोंडअळीला दाद न देणारी बीटी कपाशी आमच्याकडं आली नव्हती. कपाशीवर बोंडअळी इतकी असायची की आठवड्याला फवारा मारावा लागे, आणि पाठीवर पंप घेऊन ओळीतून फिरायचं काम गजूचं. एका दिवाळीच्या आधी त्याचे डोळे पिवळे झाले. आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध झालं. मग पोट पाण्यानं फुगलं, पाय सुजले. चिखलीच्या डॉक्टरांनी लिव्हर गेलं म्हणून सांगितलं. महिन्याभरात खेळ संपला. गावानं निदान केलं, फवारा बाधला. ते सगळ्यांत मोठ्यानं बाबाच म्हणाले.

"त्याच्या पाठीवर पंप म्या बांधला," हे वाक्य मी बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की ते बोलायला लागले की पुढचे शब्द मला आधीच ऐकू यायचे. तो पंप त्यांनी गोठ्यात उलटा टांगून ठेवला, पुन्हा कधी काढला नाही. पुढं बीटीचं बियाणं बाजारात आलं तेव्हा आमच्या गावात पहिली पिशवी बाबांनी आणली. बाकीचे लोक दुकानदाराला एकरी उतारा विचारत होते. बाबांनी एकच विचारलं, "याले फवारे किती लागतात?"

पहिली एक-दोन वर्षं खरंच कमी लागले. मग अळीच्या जागी दुसरी कीड आली आणि फवारे परत आले. बाबा आमच्या शेतात आम्हाला फवाऱ्याच्या दिवशी पाऊल ठेवू देत नसत. पण मी क्रॉसिंगला दुसऱ्यांच्या बियाण्याच्या प्लॉटात जायचे, आणि तिथले मालक पीक निर्मळ राहावं म्हणून औषधं जास्तच मारत. घरात चार पैसे येतात म्हणून बाबांनी ते डोळ्याआड केलं होतं. माझा हात हलायला लागल्यावर त्यांनी मला प्लॉटातून ओढून घरी आणलं आणि दारात उभं राहून मायला म्हणाले, "पुन्हा तेच झालं. पुन्हा म्याच केलं."

एक माणूस मात्र या सगळ्यातून सुटलं होतं. माझी धाकटी बहीण ज्योती. तिला बाबांनी शेताची हवा लागू द्यायची नाही असं ठरवूनच चिखलीला शिकायला ठेवलं होतं. तिनं कधी कळी सोलली नाही, कधी पंपाला हात लावला नाही. बाबांच्या हिशोबानं तेवढं एक लेकरू त्यांनी वाचवलं होतं.

डोळ्यातली कडी

गावातला डॉक्टर, अमडापूरचा, चिखलीचा असं करत आम्ही शेवटी औरंगाबादला पोचलो. कुणी अशक्तपणा म्हणालं, कुणी मनाचं म्हणालं, एका मामींनी बाहेरचं आहे म्हणून लिंबू उतरवलं. औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी माझे दोन्ही हात पुढं करायला लावले, आणि माझे हात पाखराच्या पंखांसारखे फडफडायला लागले. त्यांनी मला सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. मला वाटलं, पत्ता चुकला. हात हलतोय, डोळ्यांचं काय?

अंधाऱ्या खोलीत हनुवटी एका यंत्रावर टेकवली. डॉक्टरांनी बारीक उजेड टाकून पाहिलं, मग शिकणाऱ्या चार पोरापोरींना बोलावलं. एकेक जण येऊन माझ्या डोळ्यात बघून "वा" म्हणून जाई. आयुष्यात पहिल्यांदा माझे डोळे कुणीतरी एवढे निरखून बघत होतं. मला जरा बरंही वाटलं. मग कळलं की बुबुळाच्या काठाला तांबूस कडी आहे, आणि ती तांब्याची आहे. खऱ्याखुऱ्या तांब्याची.

डॉक्टरीणबाईंनी मायला आणि मला समोर बसवून सांगितलं. आजाराचं नाव विल्सन. अन्नातून थोडं तांबं सगळ्यांच्या पोटात जातं आणि शरीर ते बाहेर टाकतं. माझ्या शरीराला ते टाकता येत नाही. जन्मापासून येत नाही. ते आधी लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत, डोळ्यात.

"फवाऱ्याचा याच्याशी संबंध नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आई-वडील नात्यातले आहात का?"

"हाव," माय म्हणाली. "हे माह्या आत्याचे पोरगे. मामाच्या घरची पोरगी करत्यात आमच्यात."

"तुम्हा दोघांच्याही अंगात या आजाराची एकेक बाजू लपलेली असणार. तुम्हाला दोघांना कधी काही होणार नाही. पण ज्या लेकराला दोन्हीकडून ती बाजू मिळते, त्याला आजार होतो. अजून लेकरं किती?"

मायनं गजूचं सांगितलं. कावीळ, पोटातलं पाणी, सगळं. डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. "त्यालाही बहुतेक हेच असेल, माय," त्या हळू म्हणाल्या. आणि मग जरा वेगळ्या आवाजात, "धाकटीला लगेच घेऊन या. काही त्रास नसला तरी आणा. नसतानाच आणा. त्रास सुरू व्हायच्या आत औषध मिळालं तर तिला काहीच होणार नाही."

हे सगळं चाललं होतं तेव्हा बाबा खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभे होते. ते वर आले तेव्हा आम्ही जिन्यात होतो. त्यांनी विचारलं, "काय म्हनली डॉक्टरीन?"

माय जिन्याच्या कठड्याला धरून म्हणाली, "तांबं साठलं म्हने आंगात. माह्यातूनच गेलं लेकराईले."

दोघांकडून, हे तिनं ऐकलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून गजूच्या आजारापर्यंत जे काही वाकडं झालं ते हिच्याच कुशीचं, असं तिला बाबांच्या बहिणींनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की डॉक्टरांनी "आई-वडील" म्हटलं की तिला फक्त "आई" ऐकू येत होतं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. पण माझी जीभ तेव्हाच जड व्हायला लागली होती. "दो... दो..." एवढंच आलं. बाबांनी माझ्या तोंडाला पाण्याची बाटली लावली.

दवाखान्यातले दिवस

दवाखान्यात मी अकरा दिवस होते. बाबा शेताच्या कामासाठी दुसऱ्याच दिवशी गावी परतले. तिथलं सगळ्यात लाजिरवाणं काम म्हणजे दिवसभराची लघवी एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमा करायची. एक थेंब वाया घालवायचा नाही, कारण त्यात किती तांबं आहे ते मोजायचं असतं. माय तो कॅन पदराखाली झाकून असा न्यायची, जसा काही दुधाचा नैवेद्य नेतेय. शेजारच्या खाटेवरची म्हातारी रोज विचारायची, "आज किती भरलं व?" आणि आम्ही तिघी हसायचो. मला वाटतं त्या हसण्यानं मी तिथं टिकले.

कॅप्सूल उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर. दिवसातून तीनदा, आणि आयुष्यभर. आयुष्यभर हा शब्द नर्सनं अगदी साधेपणानं सांगितला, बस किती वाजता आहे ते सांगावं तसा. मी भिंतीकडं तोंड करून रडले. मग तीच नर्स संध्याकाळी माझी वेणी घालून गेली, कारण माझ्या हातानं ती घालता येत नव्हती आणि मायला थरथर पाहवत नव्हती.

शेंगदाणे बंद, कारण त्यात तांबं असतं. वऱ्हाडात शेंगदाण्याचं कूट नसलेली भाजी म्हणजे काय, हे बाहेरच्याला नाही कळायचं. रझियाभाभी तिच्या भावाकडं औरंगाबादला आली होती, ती मला बघायला आली आणि डब्यात बिनशेंगदाण्याची वांग्याची भाजी घेऊन आली. "फिकी लगी तो बोल," म्हणाली. फिकीच होती. मी डबा चाटून पुसून खाल्ला.

जीभ

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की औषध सुरू झाल्यावर काहींचा त्रास आधी वाढतो. माझा वाढला. घरी आल्यावर महिन्याभरात माझं बोलणं कुणाला कळेना. तोंडातून लाळ गळायची. माय माझ्या गळ्यात जुना टॉवेल बांधून ठेवायची. येणारे-जाणारे माझ्याशी मोठ्यानं बोलायचे, जशी मी बहिरी झाले आहे. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं समजत होतं, आणि तेच वाईट होतं.

कारण बाबांनी तांब्याचा अर्थ लावला होता. तांबं म्हणजे निळं औषध, मोरचूद. प्लॉटावर मारतात ते. "पाहा, मी म्हनलो नव्हतो? त्यात तांबंच राहाते," असं सगळ्यांना सांगत त्यांनी घरातली मोरचुदाची पुडी उकिरड्यात खोल पुरली. देवापुढचा तांब्याचा कलशही मायनं कुणाला तरी देऊन टाकला.

आणि ज्योतीचं लग्न जमलं होतं. जानेफळचं स्थळ. मुलगा कृषी केंद्रात कामाला, स्वभावानं गरीब. तुळशीचं लग्न होऊन महिना झाला की साखरपुडा. मायनं एकदा भीत भीत विषय काढला, "डॉक्टरीन म्हनत होती ज्योतूले आनाले..."

बाबा ताडकन म्हणाले, "तिले कायले सुया टोचता? ती कधी प्लॉटात गेली का? तिनं कधी फवारा पाह्यला का? सोयरीक झालेल्या पोट्टीले दवाखान्यात फिरवाचं, आन् मंग जानेफळच्यायनं विचारलं का काऊन नेली, तं काय सांगाचं?"

मी स्वयंपाकघरातून हुंकारत बाहेर आले. मी पाटी मागितली आणि लिहायचा प्रयत्न केला. पाटीवर नुसत्या रेघोट्या उठल्या. बाबांनी त्या पाहून डोळे पुसले, पण वाचता काही आलं नाही. मी पाटी अंगणात भिरकावली. ती फुटली. सगळ्यांना वाटलं आजारानं डोकं फिरलं.

दिवाळीला ज्योती घरी आली तेव्हा मी तिला कवेत घेऊन खूप बडबडले. तिला अर्धं कळलं. ती माझी लाळ पुसत म्हणाली, "ताई, बाबा म्हनतात ना मले नाई होत म्हून. तू आराम कर." तिच्या डोळ्यात नवीन साड्या, जानेफळ, सगळं होतं. तिच्या जागी मी असते तर मीही बाबांचंच ऐकलं असतं.

मला मरणाची भीती तोपर्यंत वाटली नव्हती. त्या दिवाळीत वाटली. माझ्या नाही, तिच्या.

सीतादही

आमच्याकडं कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात. कपाशीच्या झाडापाशी पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग वेचायला लागायचं. त्या साली आम्ही चौघंही गेलो. मला बैलगाडीत बसवून नेलं.

विहिरीजवळच्या तुकड्यात बाबांनी त्या साली एक उद्योग केला होता. गेल्या वर्षी दुकानातून आणलेली बीटी फार सुंदर आली होती, सगळी झाडं छातीएवढी आणि एकसारखी. बाबांनी त्यातलीच सरकी ठेवून घरचं बी म्हणून लावली. आणि आता त्या तुकड्यात काहीच एकसारखं नव्हतं. बरीच झाडं उंच, पण मधूनमधून गुडघ्याएवढी बुटकी, बोंडं सुपारीएवढी. बाबा वैतागून त्या बुटक्या झाडांपाशी उभे होते.

"गेल्या साली एक बी असं नव्हतं," ते स्वतःशीच म्हणाले. "मंग हे आलं कुठून?"

मी ते ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. दहावीच्या पुस्तकात वाटाण्याच्या झाडांचा धडा होता, उंच झाडांत लपलेलं बुटकेपण पुढच्या पिढीत वर येतं असा. तो मी पाठ केला होता, पण समजला नव्हता. समजला तो बियाण्याच्या प्लॉटात, क्रॉसिंग करताना. आणि आता तो माझ्या बापाच्या पायाशी उभा होता.

मी बाबांची बाही धरली. एका उंच झाडाची फांदी मोडली आणि त्यांच्या छातीला लावली. दुसऱ्या उंच झाडाची मोडली आणि दूर चूल मांडणाऱ्या मायकडं दाखवली. दोन्ही फांद्या मातीत शेजारी ठेवल्या.

"मी अन् तुही माय," बाबा म्हणाले. ते कौतुकानं, वेड्या लेकराचा खेळ चालवून घ्यावा तसं बघत होते.

मग मी एक बुटकं झाड मुळासकट उपटलं. त्या दोन फांद्यांच्या खाली ठेवलं. आणि सगळा जोर जिभेत आणून म्हणाले, "गजू."

तेवढा एक शब्द स्वच्छ आला. बाबांचा चेहरा बदलला.

मी दुसरं बुटकं उपटलं, त्याच्या शेजारी ठेवलं, आणि छातीवर हात मारला. मी. मग त्या दोन उंच फांद्यांवर एकेक बोट ठेवलं आणि दोन्ही बोटं बुटक्या झाडांपर्यंत ओढत आणली. मातीत दोन रेघा उठल्या. एक बाबांकडून, एक मायकडून.

बाबा खाली बसले. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही. बोंड एकट्या मादीचं नसतं हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही जाणतं. फक्त घरातल्या माणसांबद्दल तसा विचार करायची कुणाला सवय नव्हती.

"आमच्यात होतं?" ते म्हणाले. "लपून होतं? दोघायच्यात?"

मी हो म्हणून मान हलवली.

"म्हंजे... फवाऱ्यानं नाई गेला माहा गजू?"

मी नाही म्हणून मान हलवली. बाबांनी डोक्यावरचा रुमाल काढून तोंडात कोंबला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मला आधी वाटलं त्यांचं ओझं उतरलं. मग लक्षात आलं की एक ओझं उतरलं त्याच क्षणी दुसरं चढलं होतं.

मी तिसरं बुटकं झाड उपटलं. ते खाली ठेवलं नाही. हातात धरून उभी राहिले आणि ज्योतीकडं बघितलं. ती चुलीपाशी वाकून पत्रावळीवर दहीभात वाढत होती. बाबांनी माझ्या नजरेमागोमाग तिकडं पाहिलं.

तेवढ्यात माय ताट घेऊन आमच्याकडं आली. "काय झालं व? काऊन रडून राह्यले?"

बाबा तिला म्हणाले, "त्या दिवशी जिन्यात तू काऊन म्हनली का तुह्यातूनच गेलं म्हून?"

"मंग कोनातून?" माय म्हणाली.

"अर्धं माहं हाये," बाबा म्हणाले. "आइक. अर्धं माहं हाये. कोनं तुले काई म्हनलं तं मले सांग."

मायच्या हातातलं ताट हलायला लागलं. मी ते धरलं, आणि माझ्या हातात ते जास्तच हललं. दहीभात सांडला.

लग्न

दुसऱ्या दिवशी बाबा ज्योतीला घेऊन एसटीनं औरंगाबादला गेले. रक्त झालं, कॅनचं झालं, आणि जनुकाच्या तपासणीला रक्त बाहेरगावी गेलं. रिपोर्ट आला तेव्हा साखरपुड्याला आठ दिवस होते. ज्योतीलाही आजार होता. त्रास एकही नव्हता, डोळ्यात कडी नव्हती, हात सरळ. लिव्हरमध्ये मात्र तांबं साठायला लागलं होतं. तिचीही औषधं सुरू झाली.

बाबा आणि माय दोघांचं एकमत झालं की जानेफळला सांगायचं नाही. गोळ्या काय, कुणीही घेतं. मलाही, खरं सांगते, तेच वाटलं. मी आजारी होते, देवमाणूस नव्हते. ज्योतीनं मात्र शेजारच्यांच्या फोनवरून मुलाला स्वतः सांगितलं. आयुष्यभर चोरून गोळ्या घेणं तिच्यानं होणार नाही, म्हणाली.

जानेफळची मंडळी आली, चहा घेतला, माझी चौकशी केली. आरडाओरडा केला नाही. आठवड्यानं मध्यस्थाकडून आम्ही दिलेली मानाची साडी परत आली. त्यांच्या भल्या वागण्याचाच मला जास्त राग आला. ज्योती दोन दिवस उठली नाही. माझ्यामुळं झालं म्हणून मी तिच्या पायाशी बसून रडत होते, तेव्हा तिनं पांघरुणातून तोंड बाहेर काढून सांगितलं, "ताई, लग्न मोडलं तं रडाले मी जिती तं हावो. गजूदादाले तेवढंबी भेटलं नाई."

चार वर्षांनी तिचं लग्न झालं. मुलाला तिनं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं, आणि तो म्हणाला, माझी पण तपासणी करून घेऊ. त्याच्यात ती लपलेली बाजू निघाली नाही. त्यांच्या लेकीच्या अंगात ज्योतीकडून एक बाजू आहेच, पण दुसरी कोरी आहे. ती पोरगी आता आमच्या अंगणात कोंबड्यांच्या मागं पळते आणि शेंगदाणे आमच्या डोळ्यादेखत खाते.

माझी जीभ दीड वर्षानं सुटली. आता मी बोलते, जरा सावकाश. सुईत दोरा अजून ओवता येत नाही, पण भाकरी थापते, शिवाय हे सगळं मी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं. बीटीवर आता गुलाबी अळी पडते, आणि बाबा बरंचसं सोयाबीन पेरतात. पंप मात्र त्यांनी गोठ्यातून काढला. धुऊन, वायसर बदलून, एका गरजूला देऊन टाकला.

तुमच्या घरात कुणाचा हात हलत असेल, लहान वयात कुणाला कावीळ होऊन गेली असेल, तर फवारा, दारू, नजर, कुणाची कूस, असं ठरवून मोकळं होऊ नका. डॉक्टरांना विचारा. आणि जे धडधाकट आहेत त्यांनाही घेऊन जा.

मी आणि ज्योती दर वर्षी दिवाळीनंतर तपासणीला एकत्र जातो. माय-बाबा येतातच, नाही म्हटलं तरी. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई नेहमीप्रमाणं म्हणाल्या, "हात पुढं करा."

मी केले. ज्योतीनं केले. डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या, आणि मग त्यांनी हसून वर पाहिलं. आमच्या मागं, दाराजवळ, बाबांनीही दोन्ही हात पुढं केले होते. भेगा पडलेले, बोटं वाकडी झालेले.

"बाबा, तुमचे नकोत."

"पाहून घ्या साहेब," बाबा म्हणाले. "अर्धं इथूनच गेलं हाये."

मायनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी आपलेही हात पुढं केले.

डॉक्टरीणबाईंनी चौघांचेही पाहिले. माझे थोडे हलत होते. माय-बाबांचे वयानं हलत होते. ज्योतीचे हलत नव्हते.